बांध अनेक, काटा एक : चंदगडचा काजू, रताळी आणि गटाचा बाजार

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या वेळी त्याच जिल्ह्याचा एक तालुका, चंदगड, मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. या निर्णयाने चंदगडच्या शेतकऱ्याची कचेरी बदलली, बाजार मात्र बदलला नाही. सातबारा, कर्ज, अनुदान आणि दावे यांसाठी त्याला उत्तरेकडे, शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या कोल्हापूरकडे पाहावे लागले, आणि माल विकायचा झाला की त्याची गाडी शिनोळीची हद्द ओलांडून त्याच्या निम्म्याहूनही जवळ असलेल्या बेळगावला जात राहिली. गडहिंग्लजची बाजार समिती आहे, आजरा आणि आंबोलीकडे जाणारे रस्ते आहेत, घाट उतरला की गोवा आणि सिंधुदुर्ग आहे. तरीही पूर्व भागातल्या रताळ्यांचे, बटाट्यांचे आणि भाजीचे पोते आजही बहुधा बेळगावच्या अडतीतच उतरते. विकसनशील देशांतील लहान शेतकरी आणि बाजार यांच्यातील अंतराविषयी जगभर जे लिहिले जाते, त्यात रस्ते, पूल आणि किलोमीटर यांवर फार भर असतो. चंदगडचे उदाहरण त्यापेक्षा वेगळे काही सांगते. येथे बाजार हाकेच्या अंतरावर आहे, रस्ता चांगला आहे, आणि तरीही शेतकरी त्या बाजारात शिरतो तेव्हा भाव ठरवण्यात त्याचा कोणताच वाटा नसतो.

याचे पहिले कारण जमिनीच्या आकारात आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडे वहिवाटीला असलेली जमीन, १.०८ हेक्टर आणि महाराष्ट्रातील १.३४ हेक्टर होते, आणि देशातील सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक, म्हणजे दोन हेक्टरांच्या आतले होते. चंदगडमध्ये हे क्षेत्रही एका जागी नसते. ताम्रपर्णीच्या काठचे भाताचे खाचर, त्याहून वर नाचणी आणि रताळ्याचे माळरान, आणि डोंगरउतारावरची काजूची झाडे अशी एकाच कुटुंबाची जमीन तीन-चार ठिकाणी विखुरलेली असते, आणि प्रत्येक वाटणीत तिचे पुन्हा तुकडे पडतात. सातबारावर पाच भावांची नावे असतात, त्यांतले तीन मुंबईत किंवा पुण्यात असतात, आणि कसणारा एकच असतो. १९४७ च्या मुंबई तुकडेबंदी कायद्याने तुकडे पाडण्यास मनाई केली आणि त्यांच्या एकत्रीकरणाची व्यवस्थाही केली, परंतु कायद्याने जे थांबवले ते घरातल्या तोंडी वाटणीने चालूच राहिले, कारण वाटणीत प्रत्येकाला थोडे भाताचे, थोडे माळाचे आणि थोडे काजूचे रान हवे असते, आणि ही मागणी न्यायाची असते.

गटशेतीची शासकीय कल्पना नेमकी या तुकड्यांवर उपाय म्हणून पुढे आली. गटशेती म्हणजे स्वतंत्र मालकी कायम ठेवून अनेक शेतकऱ्यांनी पिकाची निवड, निविष्ठांची खरेदी, अवजारे, मशागत, काढणी आणि विक्री यांपैकी काही किंवा सर्व कामे मिळून करणे. महाराष्ट्र शासनाने २०१७-१८ मध्ये गटशेतीस प्रोत्साहन देणारी जी योजना आणली, तिच्यात एकाच सलग भौगोलिक क्षेत्रातील किमान २० शेतकरी आणि किमान १०० एकर जमीन अशी अट होती, आणि अशा गटाला प्रकल्पखर्चाच्या ६० टक्के, कमाल एक कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळणार होते. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या सपाट पट्ट्यात ही अट पुरी करणे अवघड नसते. जेथे काजू शेताच्या कडेला, पडीक उतारावर आणि घरामागच्या परड्यात उभा असतो, तेथे मात्र शंभर एकर सलग शोधणे म्हणजे ओढ्यांनी आणि जंगलाने तोडलेला प्रदेश नकाशावर जबरदस्तीने जोडणे होय. चंदगडच्या शेतकऱ्यांना एकत्र येण्यासाठी एकमेकांना लागून असलेली शेते हवीत हे गृहीतच तपासून पाहायला हवे.

कारण एकत्र राबणे येथे नवे नाही. रोप लावणीच्या दिवसांत आज एकाच्या खाचरात आणि उद्या दुसऱ्याच्या खाचरात सर्वांनी उतरायचे, मजुरी कामानेच फेडायची, या पैऱ्याच्या पद्धतीने पिढ्यान्पिढ्या भात लावला गेला. मजूर मिळेनासे झाले तसा पैरा रोडावला, पण त्याची समज गेलेली नाही. त्या समजेत एक मर्यादाही होती, आणि ती महत्त्वाची आहे : लावणीपर्यंत सगळे एकत्र असत, मळणी मात्र ज्याची त्याने आपल्या खळ्यावर केली आणि विक्री ज्याची त्याने आपल्या गरजेप्रमाणे केली. ज्या टप्प्यावर एकटेपणा सर्वांत महाग पडतो, त्या टप्प्यावर पैरा कधी पोहोचलाच नाही.

काजूचे उदाहरण घेतले म्हणजे हा महागपणा अंकांत मांडता येतो. चंदगड आणि आजरा हे घाटमाथ्यावरचे तालुके पर्जन्य आणि जमीन यांच्या दृष्टीने कोकणाचे सख्खे शेजारी आहेत, आणि म्हणूनच राज्याच्या काजू फळपीक विकास योजनेत कोकणाबरोबर कोल्हापूर जिल्ह्यातील याच दोन तालुक्यांचा समावेश झाला. काजूची बी मार्च ते मे या काळात पडते. बोंड पिकून गळाले की बी पिळून वेगळी करायची आणि उन्हात वाळवायची. पहिला हिशेब ओलाव्याचा आहे : ताज्या बीत ओलावा बराच असतो, आणि साठवणीसाठी तो ८ ते ९ टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. १६ टक्के ओलावा असलेली १०० किलो बी ८ टक्क्यांवर आणली तर सुमारे ९१ किलो उरते, म्हणजे वाळलेल्या बीला किलोमागे सुमारे दहा टक्के भाव अधिक मिळाला तरच वाळवणाऱ्याची बरोबरी होते. गावातला खरेदीदार ओली आणि सुकी बी जवळपास एकाच दराने घेत असेल, तर ओली बी देऊन मोकळे होणारा शेतकरी अडाणी नसतो; तो त्याच्यासमोर असलेल्या काट्याचा हिशेब बरोबर करत असतो. गटाच्या सभेत ‘माल वाळवून आणा’ असा उपदेश होतो तेव्हा ही घट कोणी भरून द्यायची हे आधी सांगितले गेले पाहिजे.

दुसरा हिशेब आकाराचा आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वेंगुर्ला-४ या जातीची बी सुमारे ७.७ ग्रॅमची आणि वेंगुर्ला-७ ची सुमारे १० ग्रॅमची असते, तर जुन्या गावठी झाडांची बी पुष्कळदा पाच ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एका किलोत गावठी दोनशे, वेंगुर्ला-४ च्या एकशे तीस आणि वेंगुर्ला-७ च्या शंभर बिया बसतात. प्रक्रिया झालेल्या काजूगराची प्रतवारी एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती अखंड गर बसतात यावर ठरते. ‘डब्ल्यू ३२०’ याचा अर्थ पौंडात ३२० पर्यंत, आणि ‘डब्ल्यू १८०’ म्हणजे १८० पर्यंत. पाच ग्रॅमच्या बीतून निघणारा गर साधारण ३२० च्या प्रतीत बसतो, तर वेंगुर्ल्याच्या जातींचा गर १८० ते २१० च्या प्रतीपर्यंत पोहोचतो, आणि या दोन प्रतींच्या दरांत बाजारात मोठा फरक असतो. हा फरक शेतकऱ्यापर्यंत येत नाही, कारण त्याच्या एका पोत्यात दोन्ही बिया मिसळलेल्या असतात आणि एका पोत्यासाठी कोणी चाळणी लावत नाही. पन्नास घरांची बी एका जागी आली, चाळणीवरून गेली आणि दोन ढीग झाले, तर दोन भाव मागता येतात. त्यासाठी त्या पन्नास घरांची झाडे एकमेकांशेजारी असण्याची गरज नाही.

तिसरा हिशेब वेळेचा, आणि तो सर्वांत कठीण आहे. काजू हे नाशवंत पीक नव्हे. नीट वाळलेली बी पुढच्या हंगामापर्यंत टिकते. तरीही बहुतेक बी मेअखेरीस विकली जाते, कारण त्याच दिवसांत लग्ने असतात, जूनच्या पेरणीचे बियाणे-खत घ्यायचे असते, शाळा उघडतात आणि पावसाळ्यात बी ठेवायला कोरडी जागा घरात नसते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना नेमकी या अडचणीसाठी १९९० च्या सुमारास सुरू झाली. शेतकऱ्याने माल बाजार समितीच्या किंवा मान्य गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यायचे आणि भाव आला की माल विकून कर्ज फेडायचे. काजू बी या योजनेत आहे. परंतु चार पोती घेऊन कोणी तालुक्याबाहेरच्या गोदामाची वाट धरत नाही. गाडीभाडे, हमाली आणि एक दिवसाची मजुरी जाऊन हातात जे राहते त्यापेक्षा गावातल्या दुकानदाराकडून मिळणारी उचल सोयीची वाटते. तारण योजनेला गटाची जोड मिळाली तर ती कागदावरून उठून उभी राहील, असे म्हणायला आधार आहे, कारण गोदामाला लागतो तो ट्रकभर माल आणि एक सही.

बी फोडण्याचा उद्योग चंदगड परिसरात लहान-मोठ्या कारखान्यांतून पसरला आहे, आणि त्याचे काम जवळून पाहण्याजोगे आहे. वाळलेली बी आधी वाफवून घेतात, म्हणजे टरफल थोडे मऊ पडते आणि गर सुटतो. मग ती एक-एक करून कटरवर येते. कटरला दोन वक्र पाती असतात. एका हाताने बी पात्यांमध्ये तिच्या कडेवर बरोबर बसवायची, दुसऱ्या हाताने किंवा पायाने दांडा दाबायचा, टरफल दुभंगले की गर न मोडता टोकाने उचकटायचा. बी किंचित तिरकी बसली की गर तुटतो, आणि अखंड गराची पाकळी किंवा तुकडा झाला की त्याची किंमत तत्काळ उतरते. टरफलातले तेल दाहक असते, त्याने कातडी सोलवटते, म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया बोटांना राख किंवा खाद्यतेल चोळत राहतात, आणि तरीही त्यांच्या बोटांची टोके काळी आणि खरबरीत झालेली असतात. त्यानंतर गर ड्रायरमध्ये तापवून त्यावरचा तांबूस पापुद्रा काढतात, प्रतवारी करतात आणि डब्यात भरतात. शंभर किलो बीतून पंचवीस ते तीस किलो गर निघतो. काजूच्या किमतीतली मोठी वाढ या खोल्यांमध्ये होते, म्हणून शेतकऱ्यांच्या प्रत्येक गटाला सर्वप्रथम आपला प्रक्रिया कारखाना काढावासा वाटतो.

येथेच सावध राहण्याची गरज आहे. दररोज १०० किलो बी फोडणारा अगदी लहान कारखाना वर्षाला २५० दिवस चालवायचा तर २५ टन बी लागेल, आणि ती सारी दहा-बारा आठवड्यांच्या हंगामात खरेदी करून ठेवावी लागेल. किलोला ११० रुपये दर धरला तर नुसत्या बीत साडेसत्तावीस लाख रुपये अडकतात. यंत्रे, जागा, वीज आणि मजुरी त्याहून वेगळी. आता दुसरी बाजू पाहावी. केंद्र सरकारने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना सुरू केली. तिच्यात सपाट प्रदेशातील संस्थेला किमान ३०० सभासद हवेत, सभासदाच्या भागभांडवलाला २,००० रुपयांपर्यंत तितकेच अनुदान मिळते आणि त्याची संस्थेमागे कमाल मर्यादा १५ लाख आहे. तीनशे सभासदांनी प्रत्येकी दोन हजार भरले तर सहा लाख आणि अनुदानाचे सहा, असे बारा लाख उभे राहतात. व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे, पण ती पगार-कचेरीसाठी आहे, बी घेण्यासाठी नव्हे. अनेक शेतकरी कंपन्या यंत्रे आणतात आणि यंत्रांना खायला घालायला माल नसतो, याचे मूळ या वजाबाकीत आहे. बाजारात भाव एक रुपयाने वाढला की सभासदही माल बाहेर देतो, आणि त्याला बेइमानी म्हणून सोडून देणे सोपे असले तरी रोख पैसे देऊ न शकणाऱ्या संस्थेकडे त्याने पोते का ठेवावे, याचे उत्तर संस्थेने द्यायचे असते. चंदगडसारख्या ठिकाणी गटाने आधी काटा, चाळणी, वाळवणीचे खळे आणि कोरडे गोदाम यांवर पैसा घालावा आणि कटर पुढच्या टप्प्यासाठी ठेवावेत, हे मत या हिशेबातून येते.

काजूबाबत जगाच्या अनुभवाकडे पाहिले तर टांझानियाचा इतिहास या प्रश्नावर जितका प्रकाश टाकतो तितका क्वचितच दुसरा कोणता टाकेल. १९६७ च्या अरुशा घोषणेनंतर त्या देशात ‘उजामा’, म्हणजे कुटुंबभाव, या तत्त्वावर सामूहिक शेतीची गावे वसवण्याचे धोरण आले, आणि १९७३ नंतर विखुरलेल्या वस्त्यांना सक्तीने मोठ्या गावांत हलवण्यात आले. दक्षिणेकडच्या काजू उत्पादकांची घरे त्यांच्या झाडांपासून दूर गेली. झाडाखालचे गवत कोण काढणार आणि पडलेली बी रोज कोण वेचणार, असा प्रश्न पडला. त्यात खरेदीचे कमी भाव आणि भुरी रोग यांची भर पडली, आणि १९७३-७४ मध्ये सुमारे १ लाख ४५ हजार टन असलेले उत्पादन १९८० च्या दशकाच्या मध्यावर वीस हजार टनांच्याही खाली गेले. २००७ पासून त्याच भागात गोदाम पावतीची पद्धत लागू झाली. शेतकरी आपल्या झाडांपाशी राहतो, बी गावच्या प्राथमिक सहकारी संस्थेत आणतो, तेथे ती तपासली व तोलली जाते, गोदामात जाते आणि एकत्रित ढिगाचा लिलाव होतो. २०१७-१८ च्या हंगामात तेथील उत्पादन तीन लाख टनांच्या पुढे गेले. रोगनियंत्रण, रोपे आणि जागतिक दर यांचाही त्यात वाटा होता, म्हणून सारे श्रेय लिलावाला देता येणार नाही. परंतु शेती एकत्र करण्याच्या सक्तीने जे पीक मोडले ते विक्री एकत्र करण्याच्या व्यवस्थेत पुन्हा वाढले, एवढे निश्चित.

ही व्यवस्था निर्दोष नाही. त्या पद्धतीत शेतकऱ्याला पहिला हप्ता आधी आणि उरलेली रक्कम लिलावानंतर मिळत असे, आणि २०१३ मध्ये लिवाले भागात दुसरा हप्ता अपेक्षेपेक्षा कमी पडला तेव्हा लोकांचा उद्रेक झाला. कोल्हापूरच्या वाचकाला हे परके वाटणार नाही. उसाची पहिली उचल किती आणि दुसरा हप्ता कधी, यासाठी या जिल्ह्यात रस्ते रोखले गेले आहेत आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदांत दरवर्षी तोच हिशेब मागितला जातो. चंदगडने तर हलकर्णीचा दौलत सहकारी साखर कारखाना बंद पडलेला आणि नंतर भाडेतत्त्वावर खासगी कंपनीकडे गेलेला पाहिला आहे. ‘एकत्र या’ हा शब्द येथे कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. भाग घेतला, पैसे अडकले, संस्था बुडाली, ही आठवण ज्या घरात आहे त्या घराला पुन्हा दोन हजारांचा भाग घे म्हणताना, दर आठवड्याला गटाचा ताळेबंद गावच्या चावडीवर लावणे हे कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

रताळ्याची गोष्ट काजूच्या उलट आहे. पावसाच्या सुरुवातीला वेल लावले की नवरात्रापासून काढणी सुरू होते, आणि उपवासाच्या मागणीमुळे तेव्हापासून महाशिवरात्रीपर्यंत रताळे बेळगावमार्गे मुंबईसह दूरच्या बाजारांत जाते. ते काढले की फार दिवस राखता येत नाही आणि मातीत राखले तर सोंड्या भुंगा लागतो, म्हणून येथे गटाने थांबायचे नसते, एकत्र निघायचे असते. अडतीत उतरलेल्या पाच पोत्यांवर माती, ओलावा आणि लहान-मोठे मिसळलेले नग दाखवून कडता, म्हणजे वजनातली वजावट, लागू होते. तोलाई, हमाली वेगळी जाते. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, पण चंदगडचे पोते ज्या यार्डात उतरते त्याला दुसऱ्या राज्याचा कायदा लागू आहे. अशा वेळी दहा-बारा घरांनी एकाच दिवशी काढणी करून, शेतावरच मोठे, मध्यम आणि बारीक असे तीन ढीग लावून, धुवून आणि आपल्या काट्यावर तोलून दहा टनांचा ट्रक भरला, तर तो ट्रक बेळगावात उतरवायचा की थेट मुंबईच्या वाशी बाजारात न्यायचा, असा प्रश्न प्रथमच त्यांच्या हातात येतो. बेळगावच्या व्यापाऱ्याशी वैर धरण्याचे कारण नाही. पिढ्यांची उधारी आणि ओळख त्याच्याकडे आहे. पण गाडी पुढे जाऊ शकते एवढे त्याला कळले तरी कडत्याचा आकडा बदलतो.

एकत्र शेती करणे सर्वत्रच निष्फळ ठरले असे नाही, हेही नोंदवले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी केरळ आणि तेलंगणातील स्त्रियांच्या गटशेतीची वैयक्तिक शेतीशी तुलना केली. केरळमध्ये कुडुंबश्री या स्त्रियांच्या बचतगटांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या गटांचे दर हेक्टरी उत्पादन आणि निव्वळ उत्पन्न वैयक्तिक शेतकऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. तेलंगणात उत्पादन कमी पण निव्वळ उत्पन्न जवळपास बरोबरीचे होते, कारण बाहेरची मजुरी वाचत होती. केरळच्या गटांनी भाड्याने जमीन घेतली, बाजाराला हवे ते पीक निवडले, आणि गट लहान व परस्परांच्या ओळखीचे ठेवले. चंदगडमध्ये मुंबईला गेलेल्या भावांची पडीक राने आहेत, आणि कसायला तयार असलेल्या पण सातबारावर नाव नसलेल्या स्त्रियाही आहेत. या दोहोंचा मेळ घालण्याची शक्यता केरळच्या अनुभवावरून तपासण्यासारखी आहे.

सातबाराचा हा प्रश्न शेतकरी कंपनीच्या सभासदत्वापाशी पुन्हा येतो. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनी हा प्रकार आला. दहा किंवा अधिक उत्पादक मिळून ती स्थापन करू शकतात, आणि सभासदाचे भाग कितीही असले तरी त्याला मत एकच असते. त्या कायद्यात ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या जमिनीच्या मालकीशी बांधलेली नाही. प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतेही काम करणारी व्यक्ती उत्पादक ठरते. म्हणजे डोंगरउतारावर पहाटे काजूची बी वेचणारी, अंगणात ती उलटीपालटी करून वाळवणारी आणि दुपारी कटरवर बसणारी स्त्री, तिच्या नावावर एक गुंठाही नसला तरी, भाग घेऊ शकते आणि सभेत मत देऊ शकते. व्यवहारात मात्र सभासद नोंदणीच्या दिवशी आधी सातबारा मागितला जातो, आणि तो ज्याच्या नावावर असतो तो पुष्कळदा मुंबईत असतो.